मावशी नसलेली लताबाई

१

एकाच बाईची दोन कुळं टेबलावर शेजारी शेजारी पडली होती आणि त्यातलं एक खोटं होतं.

"वाचा," डॉ. धनराज म्हणाले आणि दोन्ही कागद त्यांनी मंगलाबाईंच्या पुढ्यात सरकवले.

गंगापूर रोडवरच्या त्या कॅन्सरच्या दवाखान्यात मंगलाबाई सव्वीस वर्षं समाजसेविका होत्या. पेशंट दाखल झाला की खाटेजवळ स्टूल ओढायचं, चार सुखदुःखाच्या गोष्टी करायच्या, आणि बोलता बोलता घरात आधी कुणाला हे दुखणं होतं का ते काढून घेऊन तक्ता भरायचा. हातोटी अशी की दगडालाही बोलतं करतील. निदान आठ महिन्यांपूर्वीपर्यंत सगळे तसंच म्हणायचे. आठ महिन्यांपूर्वी स्नेहा आली. मुंबईहून शिकून आलेली जेनेटिक काउन्सेलर, वय सत्तावीस. तिच्या कागदावर गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष, आणि ज्याला कॅन्सर झाला तो गोल किंवा चौकोन काळा. तीन पिढ्या एका नजरेत. तेव्हापासून डॉक्टर राउंडला म्हणायचे, "स्नेहाचं झाड दाखवा." मंगलाबाईंचा तक्ता कुणी मागत नसे. मग त्या हसून बाजूला व्हायच्या, आणि आत कुणीतरी कापूर पेटवल्यासारखं व्हायचं.

"एकलहऱ्याच्या लताबाई," डॉक्टर म्हणाले. "वय चोपन्न, स्तनात लहान गाठ. गेल्या गुरुवारी ओपीडीत स्नेहानं झाड काढलं. त्यात आईची सख्खी बहीण एक्केचाळिसाव्या वर्षी गेली, बहुधा अंडाशयाचा कॅन्सर. सोमवारी दाखल करताना तुम्ही तक्ता भरलात. त्यात मावशी नाहीच. कॅन्सर कुणालाच नाही."

"मग माझा बरोबर आहे. मी स्वतः लताबाईंना विचारलंय."

"बरोबर कुणाचं हा प्रश्न नाही हो. परवा शुक्रवारी ऑपरेशन आहे. मावशी खरी असेल तर मी थांबेन. रक्त जनुकाच्या तपासणीला पाठवेन, तीन आठवडे वाट बघेन. दोष निघाला तर नुसती गाठ काढून भागायचं नाही, अंडाशयंही काढावी लागतील. नाहीतर ही बाई आज वाचेल आणि पाच वर्षांनी पोट फुगवून परत येईल. मावशी खोटी असेल तर मात्र तीन आठवडे तिला उगाच टांगून का ठेवायचं?"

स्नेहा दाराशी उभी होती. हळूच म्हणाली, "मंगलाताई, मला त्यांच्या मुलीनं सांगितलं होतं."

मंगलाबाईंनी कागद उचलले. "उद्यापर्यंत सांगते, सर. मावशी म्हणजे काय टाचणी नाही हरवायला."

२

मुलगी तेजल वॉर्डाबाहेरच्या बाकावर मोबाइल घेऊन बसली होती.

"आजी सांगायची मला," ती म्हणाली. "शेवटी शेवटी फार बोलायची. 'माझी पाठची बहीण पोटात पाणी होऊन गेली गं, चाळिशी उलटून वर्ष नाही झालं.' रडायची."

"नाव काय त्या बहिणीचं?"

"नाव नाही कधी घेतलं. नुसतं 'माझी पाठची'. मी आईला विचारलं तर आई म्हणाली, आजीला भ्रम झालाय."

भ्रम. मंगलाबाईंनी मनाशी तो शब्द जपून ठेवला. म्हातारीचा भ्रम, नातीचं भोळेपण, आणि त्यावर त्या शिकलेल्या पोरीनं काढलेला काळा गोल!

लताबाई उशीला टेकून द्राक्षं खात होत्या. अंगानं किरकोळ, नजर तीक्ष्ण. दाखल झाल्यापासून माणसांचा नुसता राबता लागला होता त्यांच्याकडे, आणि त्या प्रत्येकाला दुखण्याची हकीकत पहिल्यापासून सांगत.

"घ्या ना ताई. दोडीचे मामा आले होते काल. आईचे धाकटे भाऊ. ऐंशी वय, तरी सिन्नरवरून एसटीनं आले हो माझ्यासाठी. एरवी माझ्यासाठी कोण येतंय?"

"लताबाई, परत एकदा विचारते. तुम्हाला मावशी किती?"

"सोमवारीच सांगितलं की. मावशी नाही मला. मी जन्मात कुणाला मावशी म्हणून हाक मारलेली नाही. देवाशपथ."

"तेजल म्हणते..."

"तेजूचं काय ऐकता!" त्यांनी देठ ताटलीत टाकला. तेवढ्यात दाराशी एक बाई डबा घेऊन आली आणि लताबाईंनी भिंतीकडे कूस बदलली. "डोकं दुखतंय माझं. जा आता सगळे."

डबेवाली बाई तशीच मागे सरली.

नवरा सहादू पॉवर हाउसमधून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. खाली चहाच्या टपरीवर भेटला. "मावशी? नाय हो बाई. लग्नाला तीस वर्षं झाली, मावशीचं घर कधी पाह्यलं नाय. सासू लय चांगली होती, एक्क्याऐंशीव्या वर्षी म्हातारपणानं गेली, टुणटुणीत. आन् ती मघाशी डबा घेऊन आली ना, ती सुमन. लताची चुलत बहीण. हिचं आन् तिचं जमत नाय. का जमत नाय ते मला इचारू नका, मला बी जेवायचं असतं घरी!"

शेवटी लताबाईंचा भाऊ वाल्मीक फोनवर सापडला. तो गावाकडे शेती बघायचा.

"आमच्या घराण्यात असलं काही नाही," तो ठासून म्हणाला. "आजोबा, वडील, चुलते, आत्या, सगळे धडधाकट. काकू तेवढी गेली कॅन्सरनं, सुमनची आई. पण ती काय, सून. सुनेचं दुखणं तिच्या माहेरचं. ते आमच्यात धरू नका."

मंगलाबाईंनी फोन ठेवला. सुमनची आई कॅन्सरनं गेली. एकदम काहीतरी लख्ख दिसल्यासारखं झालं आणि त्या जवळजवळ धावतच रेकॉर्डच्या खोलीकडे निघाल्या.

३

त्यांना हवं होतं ते तिथे होतं. गेल्या गुरुवारीच, लताबाईंच्या मागोमाग अर्ध्या तासानं सुमनबाईही धास्तावून तपासणी करून गेली होती. तिचंही झाड स्नेहानंच काढलं होतं. मंगलाबाईंनी कागद उघडला. आई: काळा गोल. अंडाशय. मृत्यू एक्केचाळिसाव्या वर्षी.

तेच वय आणि तेच दुखणं! पुढचं त्यांनी पाहिलंच नाही. पाहायची गरज काय होती?

गुरुवारी सकाळी त्या डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा आवाज कसा शांत, समईसारखा ठेवला होता. "सर, घोळ सापडला. एका सकाळी दोन चुलत बहिणी आल्या. सुमनची आई एक्केचाळिसाव्या वर्षी अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली, ती लताबाईंची काकू. म्हणजे परक्या घरातून आलेली, रक्ताचा संबंध नाही. तेजलनं आजीचं काहीतरी अर्धवट सांगितलं आणि आपल्या बाईंनी एकीचं मरण दुसरीच्या झाडाला लटकवलं."

स्नेहाचा चेहरा उतरला. "सर, मला आठवतंय तसं तेजलच म्हणाली होती. एक्केचाळीस... की सुमनबाईंचं ऐकून मी..." तिनं ओठ चावला. "त्या दिवशी बावीस पेशंट होते. मी शपथेवर नाही सांगू शकत."

"मग उद्या ऑपरेशन ठरल्याप्रमाणे," डॉक्टर म्हणाले. "थँक यू, मंगलाताई. अनुभव तो अनुभव."

अनुभव तो अनुभव. आठ महिन्यांनी कानावर आलेले कौतुकाचे चार शब्द. बाहेर पडताना त्यांनी स्नेहाकडे वळूनही पाहिलं नाही, पण ती पाहतेय एवढं त्यांना पाठीला कळत होतं.

जिन्यात सुमनबाई भेटली. डबा तसाच, उघडलेला नसावा. पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, सतत कुणाची तरी माफी मागत असल्यासारखी बाई.

"ताई, लताताईचं उद्या होणार ना नीट? मला आत येऊ देत नाही ती. लहानपणापासून असंच आहे. माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मोठ्या आईनं वाढवलं मला, म्हणजे लताताईच्या आईनं. पोटच्या पोरीपेक्षा जास्त केलं. तेच लताताईला सोसलं नाही."

"उद्या सगळं होईल व्यवस्थित."

"देव करो. दोडीच्या मामांनाही फार काळजी लागलीय. लताताईची गाठ कळली तेव्हाच हात धरून म्हणाले, सुमे, तूही तपासून घे. मला तेवढेच आहेत हो. माझ्या लग्नात अंतरपाटाच्या वेळी पाठीशी तेच उभे होते."

"हो का," मंगलाबाई म्हणाल्या आणि उतरल्या. मनात अजून डॉक्टरांचे चार शब्द वाजत होते. त्या नादात त्यांना काय ऐकलं ते कळलंच नाही.

४

कळलं ते संध्याकाळी, कीर्तनात.

घराजवळच्या दत्ताच्या देवळात गुरुवारचं कीर्तन असे आणि मंगलाबाई पहिल्या ओळीत, खांबाशी बसत. बुवांनी झांजा हातात घेतल्या, पेटीनं सूर धरला, आणि दिवसभराचा शीण उतरावा तसं झालं. बुवा म्हणत होते, "मंडळी, काम-क्रोध दारावर थाप मारून येतात. कळतं तरी. पण सहावा जो मत्सर, तो घरातलाच असतो हो. तो आपल्याच ताटात जेवतो, आणि जेवता जेवता विचारतो, शेजारच्याला काय वाढलंय?"

सभामंडपात हशा पिकला. मंगलाबाईही हसल्या, आणि मध्येच थांबल्या. स्नेहाचा उतरलेला चेहरा समोर आला. एवढं मिळालं होतं आज, पण गोड का लागत नव्हतं? ते विचारणारं कोण होतं आत?

मग तपास मनात परत पहिल्यापासून उलगडू लागला. जिन्यातलं बोलणं आता शब्दन्‌शब्द ऐकू आलं. *माझ्या लग्नात पाठीशी तेच उभे होते.* नवरीच्या पाठीशी उभा राहतो तो मामा. दोडीचे मामा. पण दोडीचे मामा तर लताबाईंचे, आईचे धाकटे भाऊ!

झांजा वाजत होत्या. मंगलाबाईंनी पदराआड बोटं मोजायला सुरुवात केली. चुलत बहिणी म्हणजे बापाकडून बहिणी. त्यांचे आजोबा एक, आत्या एक, आडनाव एक. पण मामा? मामा येतो आईकडून. दोन वेगवेगळ्या घरांतून आलेल्या सुना, त्यांच्या मुलींना मामा एकच कसा? बिनआईची पोर म्हणून म्हातारा उभा राहिला असेल, असंही म्हणता येईल. गावाकडे माणुसकीनं राहतात उभे. पण म्हातारा म्हणतो, सुमे, *तूही* तपासून घे. लताची गाठ बघून सुमनची काळजी त्याला का वाटावी?

आणि वाल्मीक. सुनेचं दुखणं तिच्या माहेरचं. काकूचं माहेर कोणतं, ते मंगलाबाईंनी विचारलंच नव्हतं.

बुवांनी गजर धरला, सगळे टाळ्या वाजवू लागले. मंगलाबाईंचे हात मात्र मांडीवर तसेच पडून होते. उद्या सकाळी नऊला लताबाईंना आत नेणार होते. आणि ते ऑपरेशन ठरलं होतं मंगलाबाईंच्या शब्दावर.

गप्प बसलं तर? एवढंच सुचलं एक क्षण. कुणाला कधी कळणारही नाही. स्नेहालाच स्वतःची खात्री नाही. दत्ताच्या मूर्तीकडे त्यांना पाहवेना.

५

शुक्रवारी सातच्या ठोक्याला त्यांनी रेकॉर्डमधून दोन्ही झाडं काढली आणि या वेळी सुमनबाईचं झाड शेवटपर्यंत वाचलं.

आईची भावंडं: दोन भाऊ, एक थोरली बहीण. बहीण निरोगी, मृत्यू एक्क्याऐंशीव्या वर्षी.

लताबाईंच्या झाडात आई: निरोगी, मृत्यू एक्क्याऐंशीव्या वर्षी. भावंडं: दोन भाऊ, एक धाकटी बहीण, एक्केचाळीस.

त्यांनी कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. दोन्हींच्या वरच्या ओळी एकमेकींवर बसल्या, फक्त काळा गोल एकीच्या आईच्या जागी, तर दुसरीच्या मावशीच्या जागी. स्नेहानं नावं लिहिली नव्हती, नाती आणि वयं तेवढी, म्हणून तिलाही कळलं नव्हतं. एक मरण दोन झाडांवर चुकून लागलेलं नव्हतं. ते दोन्ही झाडांवरचं होतं. दोन सख्ख्या बहिणी, दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. माहेरी बहिणी आणि सासरी जावा.

आणि सव्वीस वर्षं मंगलाबाई पेशंटला विचारत आल्या होत्या, आत्या किती, मावशी किती. आईला भावंडं किती, असं कधी विचारलंच नाही. ज्या बाईला घरातलं पोर जन्मापासून काकू म्हणतं, ती मावशीच्या रकान्यात येणार कशी?

लताबाई हिरवा गाउन घालून बसल्या होत्या. नाकातली मोरणी काढून ठेवलेली, त्यामुळे चेहरा उघडा पडल्यासारखा.

"काकूचं नाव काय होतं लताबाई?"

"लंकाबाई. का?"

"माहेर?"

लताबाईंनी काढून ठेवलेली मोरणी मुठीत घेतली.

"दोडी," मंगलाबाईच म्हणाल्या. "तुमच्या आईची पाठची बहीण."

लताबाईंनी नजर उचलली. "तुम्ही विचारलंत, मावशी आहे का. नाही म्हटलं मी. खोटं कुठे बोलले? जन्मभर काकूच म्हटलंय."

"वाल्मीकला सुचलं नाही, सहादूंना माहीत नाही, हे मला पटतं. पण तुम्हाला ठाऊक होतं. तेजलनं विचारलं तेव्हा तुम्ही आईला भ्रमिष्ट ठरवलंत. तुमच्या जिवाचा प्रश्न आहे, बाई. का?"

लताबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, बाहेर कुणी नव्हतं.

"काकू गेली तेव्हा मी तेरा वर्षांची," लताबाई म्हणाल्या. "आई म्हणाली, तू मोठी, तू समजून घे. मग आईच्या कुशीत सुमी झोपली. पहिली भाकरी सुमीला. माझ्या लग्नात आई रडली नाही हो, कामात होती. सुमीच्या लग्नात आठ दिवस अंथरूण धरलं. शेवटचं पाणीसुद्धा तिच्या हातून घेतलं आईनं. मी उशाशी बसलेली, आणि हाक मारली सुमे म्हणून." त्यांनी गाउनची नाडी बोटाला गुंडाळली. "आता गाठ निघाली. पहिल्यांदा सगळे माझ्याकडे आले. मामा आले. तेजू रजा काढून बसली. आणि मी जर म्हटलं की काकू म्हणजे मावशी, की लगेच सगळे तिकडे पळणार. अगं बाई, सुमनची आईच ती! सुमनला धोका! सुमनला तपासा! म्हटलं, एवढं दुखणं तरी माझं एकटीचं असू दे."

 या बाईला शहाणपण शिकवायला मंगलाबाईंना तोंड कुठे होतं? कालच तर त्यांनी चार शब्दांसाठी एका पोरीला डॉक्टरांसमोर खोटं पाडलं होतं, आणि त्या चार शब्दांपायी हीच बाई तासाभरानं अर्धवट ऑपरेशनला जाणार होती.

"लताबाई," त्या म्हणाल्या, "मीही तुमच्यातलीच आहे. पण चला, दोघी मिळून थांबवू हे."

डॉक्टर हात धुवायला निघाले होते. मंगलाबाईंनी दोन्ही कागद त्यांच्यासमोर धरले आणि स्नेहा शेजारी उभी असतानाच सांगितलं, "सर, झाड स्नेहाचंच खरं. चूक माझी. प्रश्न चुकीचा विचारला, आणि मग उत्तर मला हवं तेच शोधलं."

डॉक्टरांनी कागद पाहिले, मास्क खाली ओढला. "आजचं रद्द. रक्त पाठवा."

६

दोष निघाला. चौथ्या आठवड्यात लताबाईंचं मोठं ऑपरेशन झालं, गाठ आणि अंडाशयं दोन्ही. काढलेल्या अंडाशयात काही सुरू झालेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर. त्यानंतर पाचव्या दिवशी सुमनबाईचा रिपोर्ट आला, आणि तो तिनं लताबाईंच्याच खाटेशी बसून वाचायचा हट्ट धरला. मंगलाबाई आणि स्नेहा दाराशी थांबल्या.

"काय आहे?" लताबाईंनी विचारलं. "बोल की."

"नाही निघाला," सुमनबाई म्हणाली. "माझ्यात दोष नाही."

"वाटलंच मला. इथेही तूच सुटलीस." आवाजात जुनाच कडवटपणा होता. पण सुमनबाई हसली नाही, तिनं देवाला हात जोडले नाहीत. तिनं रिपोर्टची घडी घातली, परत उलगडली, आणि एकदम तिचं तोंड लहान मुलीसारखं वाकडं झालं.

"रडतेस कशाला? आनंदाची बातमी आहे ना?"

"आईचं माझ्याकडे काहीच नाही गं, ताई," ती हुंदके देत म्हणाली. "फोटो एकच, त्यात पदर तोंडावर आलेला. आवाज आठवत नाही. सगळे म्हणायचे लता काकूवर गेली, नाक तिचं, चालणं तिचं. मी किती जळायचे तुझ्यावर! वाटलं, वाईट का असेना, एवढं तरी माझ्यात असेल. तेही तुझ्याकडेच गेलं."

स्नेहा पुढे निघाली. रिपोर्टचा अर्थ नीट समजावून सांगायला हवा होता. मंगलाबाईंनी तिचं मनगट धरलं. "थांब पोरी. आपलं नंतर."

लताबाई कितीतरी वेळ त्या रडणाऱ्या बाईकडे पाहत राहिल्या, जणू चाळीस वर्षांत पहिल्यांदा दिसत होती. सलाईन लावलेला हात उचलवेना, म्हणून दुसरा हात त्यांनी लांबून आणला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

"वेडी गं वेडी. माझी आई तू घेतलीस, तुझी माझ्याकडे आली. आता आपण भांडायचं कशावरून?"

सुमनबाईनं पदरानं नाक पुसलं. "तुला कारण लागतं होय, ताई?"

टाके दुखत होते, तरी लताबाई हसायच्या थांबल्या नाहीत.